‘बाकीचे आईकडे’

प्रिय बेटा,

जर्मनीला जायच्या आधी तुझ्या कॅमेऱ्यांचं काय करायचं, त्याची यादी मिळाली. सतरा कॅमेरे, प्रत्येकापुढं किंमत, अन् तळाशी एक ओळ: ‘बाकीचे आईकडे’. किमतींचं नंतर बोलू. आधी ती ओळ खोड.

मी एकदा असंच केलं होतं. नागपूरला एका लॅबमध्ये तीन वर्षं कामाला होतो, तेव्हा माझा यशिका मॅट 124जी दारव्ह्याच्या घरी लोखंडी पेटीत ठेवून गेलो. चामडी कव्हरसकट, वर जुनं लुगडं गुंडाळून. मे महिन्यानं वाळवलं, ऑगस्टनं भिजवलं, असे तीन फेरे झाले. परत येऊन उघडला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. मागच्या झाकणातला फोम डांबरासारखा चिकट. शटरमधलं वंगण घट्ट होऊन एक सेकंदाला तीन सेकंद लागत होते. बुरशी पुसता येते, पण काचेवरचं कोटिंग तिनं खाल्लं की खाल्लं. अन् ज्या कव्हराच्या भरवशावर मी निवांत होतो, तेच पावसाळाभर ओल धरून बसलं होतं. कॅमेरा कोणी पाडला नाही, चोरला नाही. नुसता ठेवला होता.

तुझ्या आईला तू सांगशील, ओल शोषणारं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की उन्हात वाळवून परत ठेव. ती म्हणेल, ‘पायतो नं मी.’ अन् सोयाबीन काढणीला आलं की विसरेल. विसरायलाच पाहिजे, घरात सोयाबीन महत्त्वाचं की तुझं सिलिका जेल?

तेव्हा जागा दोनच. तुझी बॅग, नाहीतर वापरणाऱ्याचे हात.

बॅगेत निकॉन एफएम2 अन् 50 मिमीची लेन्स. बॅटरीचा सेल संपला तरी त्याचं शटर चालतं, सेल लागतो फक्त उजेड मोजायच्या मीटरला. निकॉनचं एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, 1959 पासूनचं, त्यामुळं जुन्या लेन्सा तिकडंही सापडतील. शिवाय जर्मनीत साबण-शाम्पूच्या दुकानातसुद्धा रोल धुवायला घेतात म्हणे, नव्हे घेतातच; आपल्याकडं त्यासाठी कुरिअर करावं लागतं.

यशिका इलेक्ट्रो 35 वर तुझा जीव आहे, ठाऊक आहे मला. पण त्याचा 5.6 व्होल्टचा पाऱ्याचा सेल कधीचाच बंद झाला. जुगाड बसवून चालतो, तर घेणाऱ्याला जुगाडासकट दे. झेनिट ई चं मीटर मेलंय, तसं स्पष्ट लिही. लोक खरं तर झेनिट नाही, त्यावरची हेलिओस लेन्स मागतात, डिजिटलला अडॅप्टरनं लावायला. लेन्स एकटी विकलीस तर बॉडी तुझ्याच गळ्यात. जोडीनंच दे.

तीन आग्फा क्लिक 3 शाळेला देते म्हणतेस. नको. बडोद्याला बनलेले साधे डबे आहेत, 120 च्या रोलवर बारा फोटो. शाळेत ते काचेच्या कपाटात कुलूपबंद होतील. एक तू ठेव, वजन काही नाही. दोन त्या लग्नाच्या ड्रोनवाल्या पोट्ट्याला दे. बारा फोटोंतच भागवायचं म्हटलं की कसा घाम फुटतो, ते कळू दे त्याला.

अन् ‘लॉटमध्ये सगळेच घेतो’ म्हणणारा भेटेल. खेडा खरेदीवाला दारात येऊन कापसाचा भाव नजरेनं ठरवतो, हा तसलाच. एकेक वीक. मागचं झाकण उघडून एक सेकंदाचं शटर चालताना व्हिडिओ काढ, लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचाही फोटो टाक. गिऱ्हाईक कमी येतील, भांडणं त्याहून कमी होतील.

विमानतळावर सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच ठेव. रोलही तिथंच, अन् हातानं तपासा म्हणून विनंती कर. नव्या सीटी स्कॅनरमधून गेलेला रोल धुरकटतो. जाताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घे, त्यावर बॉडीचा अन् लेन्सचा नंबर असू दे. म्हणजे परत येताना ड्युटीवरून हुज्जत नाही. त्यासाठी तासभर आधी निघ.

तुझ्या यादीत निगेटिव्ह कुठंच नाहीत. आपल्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन 1994 च्या एप्रिलमध्ये बंद केलं, त्याआधी मी त्याचे दोन रोल काढले होते. ज्या कॅमेऱ्यानं काढले तो पुढं पोरीच्या फीसाठी विकला, आता त्याचा नंबरही आठवत नाही. निगेटिव्ह आहेत. तुझ्या स्कॅन करून घे, अन् मूळ माझ्याकडं सांभाळायला आणून दे. मला रोज तेवढंच काम आहे.

राहिला यादीतला पहिला नंबर. ‘यशिका मॅट, काकांचा, विकायचा नाही.’ एक किलो शंभर ग्रॅम आहे तो, केबिनमध्ये सात किलोची मारामार असते. बुरशीचा डाग आजही कोपऱ्यात आहे, तो लपवू नको. वीक. तू विचारायला लाजत होतीस, म्हणून मीच लिहितो.

पोळ्याच्या आत एक दिवस सगळे घेऊन ये. फोम बदलायचाय चार-पाच जणांचा. बारीक स्क्रू ड्रायव्हर तुझाच आण, माझा नातवानं हरवला.

तुझे,
स्टुडिओवाले काका