१६ व्या वर्षी अमेरिकन बेसबॉलची मेजर लीग खेळलेल्या टॉमी ब्राउनचं करिअर पुढे टिकलं का?

टिकलं की, १९५३ पर्यंत एकूण ९ सीझन खेळला, पण स्टार वगैरे नाही झाला. १९४४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या टीमने त्याला शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डिंगच्या जागी) उभं केलं कारण महायुद्धामुळे नेहमीचे बरेच खेळाडू सैन्यात गेलेले आणि टीम भरायला माणसंच कमी, नाहीतर एवढ्याशा पोराला कोण घेतंय. पुढच्याच वर्षी होम रन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) मारला, १७ व्या वर्षी मेजर लीगमध्ये होम रन, सगळ्यात लहान वयाचा हा रेकॉर्ड अजून त्याच्याच नावावर आहे. नंतर फिलीज आणि कब्ज या टीमकडून खेळला, पण पक्की जागा अशी कुठे झाली नाही त्यामुळे करिअरचे होम रन ३१ च. फक्त सगळ्यात लहान खेळाडू तो नव्हे हां, त्याच १९४४ ला सिनसिनाटी टीमचा जो नक्सहॉल नावाचा पोरगा १५ व्या वर्षी उतरलेला, पण तो पिचर (बॉल टाकणारा).