हवेतील परागकण आणि वनस्पतिशास्त्रातील वाट

ऐरोलीहून एका आईंनी लिहिले आहे : "मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. व्हॅसलीन लावलेल्या काचपट्ट्या गच्चीवर ठेवून ती परागकण गोळा करते. त्यांवरून परिसरातील झाडे ओळखून वनस्पतिसंवर्धनाचे काम करायचे, असे तिचे म्हणणे आहे. यात पोट भरेल का?"

सप्रेम नमस्कार.

मुलीने धरलेली वाट भक्कम शास्त्राची आहे. परागकणाचे बाह्य आवरण अत्यंत चिवट असते आणि त्यावरील छिद्रे, खाचा व नक्षी यांवरून वनस्पतीचे कुळ, कधी प्रजातीही, ओळखता येते. गाळात हे आवरण हजारो वर्षे टिकते, म्हणूनच १९१६ मध्ये स्वीडनच्या लेनार्ट फोन पोस्ट यांना दलदलीतील थरांवरून जुन्या अरण्यांचा इतिहास मांडता आला.

मात्र हवेतील पराग म्हणजे परिसरातील झाडांची शिरगणती नव्हे, हे तिने आताच समजून घ्यावे. वाऱ्यावर परागण होणारी गवते, सुरू, वावळ यांचे कण हवेत भरपूर सापडतात. कीटकांवर अवलंबून असलेल्या झाडांचे मात्र फारच थोडे. आपल्या घराजवळचीच ठाणे खाडी पाहा. तेथे तिवरांचे राज्य आहे, पण तिवराचे परागण मुख्यतः मधमाश्यांसारखे कीटक करतात, त्यामुळे गच्चीवरच्या पट्टीवर तिवर जवळजवळ दिसले नाही तरी खाडीत तिवर नाही, असा निष्कर्ष काढता येणार नाही. शिवाय उघड्या पट्टीवर जड कण अधिक पडतात आणि किती हवेतून ते आले हे कळत नाही. त्यासाठी मिनिटाला १० लिटर हवा ओढणारी सापळायंत्रे वापरतात. गवतांचे पराग तर सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात की बहुधा कुळापर्यंतच पोचता येते. तरीही एखाद्या झाडाचा फुलोरा वर्षागणिक लवकर येऊ लागला आहे का, परक्या तणांचे पराग वाढत आहेत का, हे सलग नोंदींतून दिसते आणि संवर्धनाला खरा उपयोग त्याचाच होतो.

म्हणून 'परागविज्ञान' नावाची पदवी शोधत बसू नका. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करावी, त्यात वर्गीकरणशास्त्र पक्के करावे आणि सोबत संख्याशास्त्र शिकावे. झाड पाहून न ओळखणाऱ्याला पराग ओळखता येणे कठीणच, हे माझे स्पष्ट मत आहे. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलवाटांवर ठरावीक झाडांच्या फुलोऱ्याची नोंदवही ठेवणे आणि परिसरातील ओळखीच्या फुलांचे पराग फुक्सिन या किरमिजी रंगद्रव्याने रंगवून, नाव व तारीख घालून स्वतःचा संदर्भसंग्रह करणे, ही कामे आजच सुरू होऊ शकतात. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते, त्याच्या हद्दीतून फुले तोडू नयेत, एवढे मात्र तिला सांगा.

नोकऱ्यांबाबत लपवाछपवी नको : या विषयाच्या जागा मोजक्या आहेत आणि बहुतेकांसाठी एम.एस्सी. व पीएच.डी. लागते. लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि पाँडिचेरीची फ्रेंच संस्था ही या कामाची परिचित ठिकाणे आहेत. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पीएच.डी.च्या काळात घरावर भार पडत नाही. ॲलर्जीचे निदान, मधाची परागतपासणी आणि पर्यावरणीय सल्लागार संस्था येथेही हे कौशल्य चालते, पण केवळ परागांवर विसंबणाऱ्यापेक्षा वनस्पतींचे सर्वेक्षण करू शकणाऱ्याला तेथे अधिक मागणी असते. तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत तिचा कल पाहा, आणि एम.एस्सी.चा निर्णय त्यानंतर घ्या.