गाडीचे प्रश्न : काळी काच, मॅट रॅप आणि पीपीएफचा खर्च

ऊन तापायला लागलं की या सदरात गाडीला चिकटवायच्या फिल्मचेच प्रश्न येतात, यंदाही तेच झालंय. मायलेज आणि टायरवाल्यांनी थोडं थांबा, तुमचा नंबर पुढच्या वेळी.

प्रश्न : दादा, आम्ही अकोल्याचे. मे महिन्यात दुपारी गाडीत बसवत नाही, मागच्या सीटवर दोन लहान मुलं असतात. दुकानदार म्हणतो ५० टक्केवाली फिल्म मारा, एकदम लीगल आहे, बिलावर लिहून देतो. मित्र म्हणतो २०१२ पासून सगळंच बंद आहे. खरं कोण बोलतंय?
— एक वाचक, अकोला

उत्तर : दोघंही अर्धं अर्धं खरं बोलतायत. २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीतून काच जशी आली तशीच ठेवायची, वरून कसलीही फिल्म चिकटवायची नाही, मग ती कितीही पारदर्शक असो. मित्राच्या डोक्यात तेच बसलंय. पण पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम १०० बदलला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यात नुसत्या सेफ्टी ग्लासच्या जोडीला सेफ्टी ग्लेझिंग, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेली काचसुद्धा आली. याच बदलावर बोट ठेवून केरळ हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं की पुढची-मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचा किमान ५० टक्के उजेड आत सोडत असतील तर अशी फिल्म चालेल, त्यासाठी दंड करता येणार नाही. आता हा निकाल केरळचा, आपल्या महाराष्ट्रात तो बंधनकारक नाही, आणि भर उन्हात चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला तुम्ही निकालाची प्रिंट दाखवली तरी तो आधी काचेकडेच बघणार. म्हणून माझं म्हणणं असं की मारायचीच असेल तर इतकी हलकी मारा की बाहेरून आतला माणूस स्वच्छ दिसला पाहिजे, वाद घालायची वेळच येऊ नये.

आता दुकानदाराच्या ५० टक्क्यांची गंमत बघा, ती कोणी समजावून सांगतच नाही. नियमातले ५० टक्के हे काच आणि फिल्म मिळूनचे आहेत. तुमच्या गाडीची काच मुळातच थोडी हिरवट असते, समजा ती एकटीच ७५ टक्के उजेड सोडते, तिच्यावर ५० ची फिल्म मारली की ७५ चे अर्धे, म्हणजे साडेसदतीस टक्के उरले, झालात तुम्ही बेकायदा आणि वर बिलावर ५० लिहिलेलं! त्याच काचेवर ७० ची फिल्म मारली तर साधारण साडेबावन्न येतात, म्हणजे काठावर पास. त्यामुळे दुकानात आधी मीटर लावून नुसत्या काचेचं रीडिंग घ्यायला सांगा, फिल्म लावल्यावर परत घ्या आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. मीटर नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

आणि काळी म्हणजे थंड हे डोक्यातून काढून टाका. स्वस्तातली रंगवलेली काळी फिल्म उजेड अडवते, उष्णता फारशी अडवत नाही, स्वतःच तापते. जवळजवळ पारदर्शक दिसणारी चांगली नॅनो सिरॅमिक फिल्म तिच्यापेक्षा जास्त गरमी बाहेर ठेवते. दुकानात लाल दिव्यापुढे फिल्मचा तुकडा धरून मागे हात ठेवायला लावतात ना, त्यावर फार भाळू नका, त्या दिव्यातून बहुतेक सगळं इन्फ्रारेडच निघतं आणि उन्हात इन्फ्रारेड साधारण अर्धंच असतं, त्यामुळे दिव्यापुढे जो चमत्कार वाटतो तो उन्हात निम्मा होतो. एकूण सौर ऊर्जेतली किती टक्के अडते तो आकडा मागा, कंपनीच्या पत्रकावर टीएसईआर म्हणून असतो, नुसत्या आयआरच्या, म्हणजे इन्फ्रारेडच्या आकड्यावर व्यवहार करू नका. धातूचा थर असलेली फिल्म घेऊ नका, जीपीएसला त्रास होतो, पुढच्या काचेवर मारली तर फास्टॅग वाचला जात नाही आणि टोलवर मागचा ट्रकवाला हॉर्न मारत बसतो. खरं तर पुढच्या काचेला हातच लावू नका, ती दोन थरांची लॅमिनेटेड असते, बरंचसं यूव्ही ती आधीच अडवते, आणि ७० टक्क्यांच्या अटीत तिथे फिल्मला जागाच उरत नाही. तुमची मुलं मागे बसतात, तेव्हा पैसे मागच्या दोन दरवाजांच्या काचांवर घाला.

प्रश्न : माझी पांढरी सेडान आहे, तिला मॅट मिलिटरी ग्रीन रॅप, म्हणजे अख्ख्या गाडीवर चिकटवायची रंगीत फिल्म, मारायचीय. रॅपवाला म्हणतो हा पेंट नाही, कधीही काढता येतो, म्हणून आरटीओला सांगायची गरज नाही. आणि ४० हजारात करून देतो. घरचे नको म्हणतायत. तुम्ही काय म्हणाल?
— एक कॉलेजकुमार, पिंपरी

उत्तर : घरच्यांच्या बाजूने बोलावं लागतंय, सॉरी. गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. रस्त्यावर पांढरी म्हणून नोंदलेली गाडी हिरवी दिसतेय एवढंच पोलिसाला दिसणार, तो रंग डब्यातून आला की रोलमधून हे तो कशाला विचारेल. रीतसर मार्ग आहे, आधी आरटीओत अर्ज करायचा, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र घ्यायचं, आरसीवर रंग बदलून घ्यायचा आणि इन्शुरन्स कंपनीलाही कळवायचं. हे शेवटचं लोक हमखास विसरतात, मग क्लेमच्या वेळी सर्वेअर रॅपचे पैसे धरत नाही आणि भांडणं होतात.

पण तुझी अडचण याहून मोठी आहे. तू ज्याला मिलिटरी ग्रीन म्हणतोयस तो ऑलिव्ह ग्रीन असेल तर तो विषयच संपला, नियम १२१ प्रमाणे तो रंग संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी राखीव आहे, परवानगी मागितलीस तरी मिळणार नाही. बाटलीसारखा गडद हिरवा घे, ग्रे घे, निळा घे, रंगांना काय तोटा आहे का.

४० हजारांबद्दल. रॅपचं प्लास्टिक, म्हणजे व्हिनाइल, दोन जातीचं असतं, कास्ट आणि कॅलेंडर्ड. कास्ट हे द्रवरूपात पातळ ओतून वाळवलेलं असतं त्यामुळे ते आरशाच्या, बंपरच्या वळणावर निवांत बसतं आणि तिथेच राहतं. कॅलेंडर्ड हे रोलरखाली दाबून ताणलेलं असतं, जाड असतं, आणि ऊन लागलं की त्याला परत आपल्या मूळ आकारात जायचं असतं, मग कडा मागे सरकतात आणि दरवाजाच्या फटीतून जुना पांढरा रंग डोकावायला लागतो. ते टेम्पोवरच्या जाहिरातीला ठीक, अख्ख्या गाडीला नाही. अख्ख्या सेडानला ४० हजार म्हणजे मटेरियल कुठलं हे विचारलंच पाहिजे. रोलच्या मागच्या कागदावर कंपनीचं नाव आणि सिरीजचा नंबर छापलेला असतो, तो रोल तुझ्यासमोर उघडायला लाव आणि फोटो काढून ठेव.

कारागीर बघायचा असेल तर त्याने महिनाभरापूर्वी केलेली गाडी बघ, कालची नको, कालची सगळ्यांचीच छान दिसते. दरवाजाचं हँडल, फ्यूल लिडची कड, बंपरचा खालचा ओठ, इथे नख फिरवून बघ उचललंय का. आणि तो ब्लेड गाडीच्या पत्र्यावरच चालवतो की कापायच्या दोऱ्याची टेप (आतला दोरा ओढला की रॅप कापला जातो) वापरतो हे नक्की विचार, कारण ब्लेडची रेघ रॅप काढल्यावर दिसते आणि तिथूनच गंज धरतो. कुठला पॅनल आधी गॅरेजमध्ये रंगवला असेल तर रॅपवाल्याला आधीच सांग, कंपनीचा भट्टीत भाजलेला पेंट रॅप काढताना टिकतो, गॅरेजचा पेंट कधी कधी रॅपसोबत सोलून येतो आणि तेव्हा दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. मॅट रॅपवर वॅक्स, पॉलिश, ब्रशचं ऑटोमॅटिक वॉशिंग काही चालत नाही. गाडी उन्हात उभी असेल तर छत आणि बॉनेट बाजूंपेक्षा बरंच आधी खराब होतं, तेव्हा शेड नसेल तर या फंदात पडूच नको असं मी स्पष्ट सांगेन.

प्रश्न : नवीन एसयूव्ही घेतली. शोरूममध्ये सिरॅमिक कोटिंग गळ्यात मारतायत, बाहेरचा डिटेलर (गाडी चकाचक करून देणारा) म्हणतो पीपीएफ, म्हणजे पेंट वाचवणारी पारदर्शक फिल्म, करा, फुल बॉडी लाखाच्या वर जातंय. महिन्यातून एकदा तरी मुंबई होते. काय करू?
— एक आंबा बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : काका, या दोन वेगळ्या कामाच्या गोष्टी आहेत. सिरॅमिक कोटिंग काही मायक्रॉनचं असतं, गाडी चकाकते, पाणी थेंब थेंब होऊन ओघळतं, धुवायला सोपी जाते, बस. हायवेवर पुढच्या डंपरच्या चाकातून उडालेली खडी ते अडवू शकत नाही, कोणी कितीही ९एच हार्डनेस, म्हणजे कडकपणाचा आकडा, सांगू दे. पीपीएफ म्हणजे टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकचा दीडशे-दोनशे मायक्रॉनचा पारदर्शक थर, तो खडीचा मार स्वतःवर घेतो. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूचा-खडीचा मार बसू नये म्हणून अमेरिकेत या फिल्मचा जन्म झाला, आणि आता ती आपल्याच वाळूजला गरवारेच्या कारखान्यात बनते, त्यामुळे इंपोर्टेड म्हणजेच चांगलं असं काही राहिलेलं नाही.

तुमचा मार कुठून येणार ते बघा. हायवेची कामं, डायव्हर्जन, खडी, म्हणजे पुढून. तेव्हा बॉनेट, पुढचा बंपर, पुढचे फेंडर, आरशांची पाठ, हेडलाइट आणि ए-पिलर (पुढच्या काचेच्या दोन बाजूंचे खांब) एवढ्याला पीपीएफ करा, शिवाय दरवाजांच्या हँडलच्या खोबणीत आणि डिकीच्या ज्या काठावरून पेट्या चढवता-उतरवता तिथे. छताला आणि मागच्या दरवाजांना लाख रुपये घालायची गरज मला तरी वाटत नाही. उरलेल्या अंगाला हवं तर कोटिंग करा, तेही शोरूममधून नको, तिथे डिलिव्हरीच्या गडबडीत गाडी नीट घासून-पुसून तयार न करताच वरून कोटिंग पुसतात.

तुमच्याकडे आणखी एक शत्रू आहे तो म्हणजे झाड. आंब्याचा चीक आणि पक्ष्यांची विष्ठा, जांभळाच्या दिवसांत तर ती जांभळीच असते, हे उन्हात क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, मुरतं आणि डाग राहतो. पीपीएफवर पडलं तर निदान पेंट वाचतो, पण फिल्मवर डाग पडू शकतोच, म्हणून दिसलं की ओल्या फडक्याने आधी भिजवायचं आणि मग उचलायचं, कोरडं घासायचं नाही. खाऱ्या हवेमुळे खालून गंज येतो त्याला पीपीएफचा उपयोग शून्य, त्यासाठी अंडरबॉडी कोटिंग वेगळं आणि पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्याने धुणं.

फसवणूक इथे मुख्यतः मटेरियलमध्ये होते. पीव्हीसीचा पारदर्शक रोल पीपीएफ म्हणून खपवतात, तो लवकर पिवळा पडतो आणि कडक होतो. तुकडा मागून घ्या, बोटांनी ताणून सोडा, टीपीयू रबरासारखं परत येतं, पीव्हीसी ताणलेलंच राहतं. तारेच्या ब्रशने ओरखडे पाडून वर गरम पाणी ओतलं की ओरखडे गायब, हा खेळ सगळे दाखवतात, तो खरा आहे पण फक्त वरच्या थरातल्या बारीक रेघांपुरता, चावीने कोणी रेघ ओढली तर ती तशीच राहणार. वॉरंटी दुकानाच्या लेटरहेडवर घेऊ नका, कंपनीच्या साइटवर रोलचा नंबर आणि तुमचा गाडी नंबर टाकून जी नोंद होते तीच खरी. लावल्यावर आठवडाभर धुवू नका, आतलं पाणी सुकायला वेळ लागतो, सुरुवातीला बारीक बुडबुडे दिसले म्हणून घाबरू नका. नंतर प्रेशर गन कडेपासून लांब धरा.

प्रश्न : नंबर प्लेटवर पारदर्शक फिल्म मारली तर चालते का, एचएसआरपी खराब होऊ नये म्हणून? आणि हेडलाइट थोडे स्मोक, म्हणजे धुरकट काळे, केले तर?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्लेटला काहीच लावू नका, ती तशीच ठेवायची असते. हेडलाइटवर पारदर्शक पीपीएफ लावली तर काच पिवळी पडणं लांबतं, स्मोक मात्र नको, रात्री रस्ता तुम्हालाच दिसायचाय.

प्रश्न : सेकंडहँड हॅचबॅक घेतली, मागच्या काचेवर जुनी फिल्म जांभळी होऊन फुगलीय. घरीच ब्लेडने खरवडली तर?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : थांबा! मागच्या काचेवर आडव्या बारीक तपकिरी रेघा आहेत ना, त्या डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून वाफ घालवणाऱ्या तारा, काचेवर आतून छापलेल्या. फिल्म त्यांच्यावरच चिकटलेली असते, ब्लेड फिरलं की तार तुटली आणि पावसाळ्यात काच पुसत बसायची वेळ आली. कपड्याचा स्टीमर आणा, दुपारी गाडी उन्हात ठेवा, बाहेरून आणि आतून काच तापवा, वरचा एक कोपरा नखाने सोडवा आणि तारांच्या दिशेने, आडवी, हळूहळू ओढा, घाई केली की फिल्म येते आणि गोंद काचेवर राहतो. राहिलेल्या गोंदावर साबणाचं कोमट पाणी मारून मऊ स्पंजने, तेही आडवंच. प्लास्टिकची पट्टीसुद्धा तारांवर घासू नका. बाजूच्या काचांना तारा नसतात, तिथे साबणाचं पाणी मारून नवं ब्लेड आडवं धरून चालवलंत तर हरकत नाही, फक्त काचेच्या खालच्या रबरापाशी हात हलका ठेवा. फिल्म जांभळी झालीय म्हणजे ती साध्या रंगाची, तिचा रंग उडून हे होतं. काढून झाल्यावर डिफॉगर चालू करून काच हाताने चाचपा, एखादी पट्टी गार लागली तर ती तार तुटलीय, स्पेअर पार्टवाल्याकडे चांदीचा कंडक्टिव्ह पेंट मिळतो त्याने जोडता येते.