मिलिटरीतून पेन्शन आल्यावर गावची जमीन विकून नवी मुंबईत धंदा सुरू करावा का, की सिक्युरिटीची नोकरी बरी?

जमीन विकू नका. नोकरी की धंदा, ते नंतर बघू.

तुमच्या प्रश्नात मध्येच एक वाक्य आहे, "मिलिटरीच्या माणसाला धंदा जमत नाही असं घरचे म्हणतात." मी त्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. 2005 साली मी पेन्शन आलो तेव्हा हेच वाक्य मला माझ्या मेव्हण्यांनी ऐकवलं होतं. ठाण्यात त्यांच्या घरी बारसं होतं, पंगत बसलेली, चार पाहुण्यांदेखत म्हणाले, "दाजी, वरून हुकूम आल्याशिवाय तुमचा हात हलत नाही. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहा, पगार येत राहील." बायको तिथेच वाढत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी गप्प जेवलो.

मी खटाव तालुक्यातला, कोरडवाहू रानातला. विहिरीवर डिझेल इंजिन होतं. ते बंद पडलं तर कारागीर बोलवायला पैसे नसायचे, म्हणून नोझल काढून साफ करायला वडिलांनीच शिकवलं. 1988 ला भरती झालो तेव्हा ईएमई मिळाली, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. सिकंदराबादला ट्रेनिंग झालं, मग शक्तिमान, जोंगा, पुढे स्टॅलियन या लष्करी गाड्यांवर काम. लडाखच्या थंडीत बॅटरी मान टाकते, डिझेल घट्ट होतं, तरी पहाटे कॉन्व्हॉय निघायचा म्हणजे निघायचाच. वरून हुकूम एवढाच यायचा की गाडी पाहिजे. ती कशी सुरू करायची हे वर्कशॉपमधला जवान ठरवतो. आणि शेतकऱ्याला कोण हुकूम देतं? बियाणं उधार, पाऊस बेभरवशाचा, भाव व्यापाऱ्याच्या हातात, तरी तो दरसाल पैसा मातीत घालतो. ज्याच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय त्याला धंदा जमत नाही म्हणायचं?

पेन्शन आल्यावर नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत भाड्याने अर्धा गाळा घेतला. जनरेटर दुरुस्ती. त्या वर्षी लोडशेडिंग होतं, काम मिळेल असा अंदाज होता. आणि 26 जुलै आली. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना माहीत आहे. इकडे ठाणे-बेलापूर रोडच्या एका कारखान्यात जनरेटर एअर क्लीनरच्या वरपर्यंत पाण्यात बुडाला होता. कारखान्याचं नाव लिहीत नाही. पाणी उतरल्यावर मला बोलावणं आलं. तिथला मॅनेजर म्हणाला, "बॅटरी बदला आणि स्टार्टर मारा, माल खराब होतोय." मी नाही म्हणालो. तो ओरडला, दुसरा माणूस आणतो म्हणाला. मी म्हटलं, आणा, पण त्याआधी माझ्याकडून एक ऐकून घ्या. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. स्टार्टर मारलात की कनेक्टिंग रॉड वाकणार, मग नवं इंजिन घ्यावं लागेल.

तो गप्प झाला. आम्ही नोझल काढले, फ्लायव्हीलला पहार लावून इंजिन हाताने फिरवलं, तर नोझलच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. मॅनेजर समोरच उभा होता. चेंबरमधलं ऑइल दुधासारखं पांढरं झालेलं. ते काढलं, नवं घातलं, थोडं फिरवून तेही काढलं. डिझेलची टाकी, फिल्टर, लाइन, सगळं धुतलं. अल्टरनेटरच्या वाइंडिंगला हॅलोजन लावून रात्रभर सुकवलं आणि मेगरवर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, रीडिंग नीट आल्याशिवाय मी लोड देऊ दिला नाही. माझ्याबरोबर ईएमईतलेच दोन जुने सोबती होते, गावाकडे सावडीला येतात तसे आलेले, मजुरी न ठरवता. इंजिन सुरू झालं. मेव्हणे, तुम्ही हे वाचत असाल तर सांगतो, त्या दिवशी मी हुकूम मानला नाही म्हणून ते इंजिन वाचलं. त्याच कामाच्या बोलबाल्यावर मला पुढची गिऱ्हाइकं मिळाली.

त्या कारखान्याने बिल मात्र महिनोन्‌महिने अडकवलं. अशा वेळी घर पेन्शनवर चाललं, जमिनीवर नाही. म्हणून सांगतो, पेन्शनचा पैसा धंद्यात आणायचाच नाही. तो पीठ-मीठ, फी आणि घरभाड्याचा. कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं), फंड आणि ग्रुप इन्शुरन्सचे जे एकरकमी मिळतील त्यातले अर्धे मुलांच्या नावावर ठेवा, उरलेल्यात जेवढा बसेल तेवढाच धंदा करा. कम्यूट केलेली पेन्शन 15 वर्षांनी परत पूर्ण होते, विकलेली जमीन होत नाही. उधारीसाठी आता तुमच्या बाजूने कायदा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्याच दिवशी करा. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे 45 दिवसांत पैसे दिले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर ते छापून घ्या. नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला हे संरक्षण मिळत नाही, दुरुस्ती-सेवेला मिळतं.

दुसरं, बायकोला विचारलंत का? प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. माझी नोकरी चालू असताना मुलं, सासू-सासरे, रान, सगळं तिने एकटीने सांभाळलं. ऐरोलीला आल्यावर वर्कशॉपची वही तिच्याच हातात दिली, कारण पैसा कसा पुरवायचा हे घरात तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं. कुठल्या पार्टीला उधार द्यायचं आणि कुणाला नाही, हे आजही तीच ठरवते.

माझ्या हातात ट्रेड होता, हे खरंय. तुमचा कुठला ते तुम्ही लिहिलं नाही. इन्फन्ट्रीत असाल आणि हाताला दुसरं काम नसेल तर सर्व्हिसच्या शेवटच्या वर्षात डीजीआरचा (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं) कोर्स घेऊनच बाहेर पडा, आणि आधी वर्ष-दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली ते काम करा. तोवर सिक्युरिटीची नोकरी करावी लागली तर खुशाल करा, त्यात कमीपणा नाही. मेस्को, म्हणजे राज्याचं माजी सैनिक महामंडळ, आहे, बँका आहेत. माझा राग त्या नोकरीवर नाही, ती सोडून आपल्याला दुसरं काही येणारच नाही असं म्हणणाऱ्यांवर आहे.

आणि सातबाऱ्यावर आईचं नाव आहे असं तुम्हीच लिहिलंय. तिच्यापुढे सहीचा कागद नेऊ नका.