तायबेरियसचा दिनार: खरा की ओतीव?

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात एक रोमन चांदीचं नाणं आहे. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं मुंडकं, दुसरीकडे बसलेली स्त्री आणि ‘पाँटिफ मॅक्सिम’ ही अक्षरं. किंमत किती समजावी?

उत्तर : वर्णनावरून हा सम्राट तायबेरियसचा (इ.स. १४ ते ३७) दिनार. हा प्रकार दुर्मिळ नाही. बायबलमधल्या कराच्या नाण्याशी जोडला गेल्यामुळे मागणी मात्र कायम असते. भाव ठरतो तो चेहऱ्याच्या ठसठशीतपणावर आणि अक्षरं कडेबाहेर गेली आहेत का यावर.

आधी खरेपणा बघा. भिंगातून कड तपासा: सलग शिवण किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खळगे दिसले, तर नाणं ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेली नक्कल. मग ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. वजन साधारण ३.७ ग्रॅम भरावं. पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याने तळाला न टेकवता बुडवा. समजा ०.३६ दिसलं, ३.७० भागिले ०.३६ म्हणजे घनता १०.३, चांदीला शोभणारी. ०.४२ आलं तर भागाकार ८.८, म्हणजे आत तांबं असण्याची शक्यता. बुडबुडा चिकटला की आकडा फसतो, म्हणून तीनदा मोजा.

चिंच, लिंबू, रांगोळी अजिबात लावू नका! जुनी काळसर झाक गेली की संग्राहक हात आखडतो. चेहऱ्यावर छिन्नीची चीर असेल तर घाबरू नका. भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवर ती बरेचदा दिसते. आणि शंभर वर्षांपलीकडचं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, परदेशी विकता येत नाही.