मुंबईतील स्थानिक राजकारण आणि लोकसहभाग यावर पीएच.डी. करायची आहे. विषय कसा आखावा, आणि नगरसेवक मुलाखती देतात का?

प्रभाग समित्या आणि एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे महापालिकेशी जोडलेले परिसरातील रहिवाशांचे गट) यांच्या बैठकांतील नागरिकांची उपस्थिती मोजून लोकसहभाग तपासणार, असे आपण प्रश्नाच्या तपशिलात लिहिले आहे. ते वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण नेमक्या याच मोजणीवरून माझे आणि माझ्या मार्गदर्शकांचे बिनसले होते.

आधी प्रभाग समितीविषयी. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत या समित्या अनिवार्य केल्या. परंतु मुंबईत अनेक प्रभाग मिळून एक समिती होते आणि तिच्यात प्रामुख्याने नगरसेवकच बसतात. 2011 च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख आणि नगरसेवक 227, म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी 55 हजार माणसे. याच्याही खालच्या पातळीवर नागरिकांना स्थान मिळावे म्हणून राज्याने 2009 मध्ये क्षेत्र सभेची तरतूद कायद्यात केली, ती मुंबईत कागदावरच राहिली. घाटकोपरच्या जोशी लेनपासून पसरलेली एएलएम मुख्यतः सोसायट्यांच्या परिसरात रुजली. तेव्हा बैठकांची उपस्थिती मोजून आपल्या हाती फार तर इतके लागेल की संध्याकाळी सात वाजता मोकळी असलेली, इंग्रजीत तक्रार लिहू शकणारी निवृत्त मंडळी अधिक सहभागी आहेत. एवढ्यासाठी पीएच.डी. करण्याची आवश्यकता नाही.

माझे क्षेत्रकाम भांडुपच्या डोंगरावरील एका वस्तीत होते. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा ज्या भांडुप संकुलात शुद्ध होतो ते जवळच, तरीही वस्तीच्या वरच्या भागात पाणी मध्यरात्रीनंतर आणि करंगळीएवढ्या धारेने येत असे. ठरावीक तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा नसलेल्या घरांना अधिकृत नळजोडणी मिळत नव्हती. घर अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही, असे सांगणारा उच्च न्यायालयाचा डिसेंबर 2014 चा निकाल तेव्हा यायचा होता. मार्गदर्शकांनी मंजूर केलेल्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न होता: ‘गेल्या वर्षभरात आपण किती सार्वजनिक सभांना उपस्थित राहिलात?’ वस्तीत सगळे जिला मावशी म्हणत, त्या बाईंनी उत्तर दिले, “एकाही नाही. सभेला जायला वेळ कुणाला आहे?” नियमाप्रमाणे मी शून्य लिहिले आणि संगणकातील तक्त्यात त्या ‘असहभागी’ झाल्या.

पुढचे कित्येक आठवडे मी याच असहभागी बाईंच्या मागे फिरलो. त्यांनी घरोघरी जाऊन रेशनकार्डांच्या आणि फोटोपासच्या (झोपडीधारकाच्या सरकारी ओळखपत्राच्या) झेरॉक्स गोळा केल्या, ज्यांचे पुरावे चालणार होते अशा घरांचा गट बांधला, भिशीतून अर्जाचे आणि प्लंबरचे पैसे उभे केले. पक्षाच्या शाखेत जाऊन त्या बाकावर दुपारभर बसून राहत आणि शाखाप्रमुखांनी चिठ्ठी दिल्याखेरीज उठत नसत. पाणी खात्यातील अभियंता भेटत नाही असे दिसल्यावर त्यांनी गल्लीतील बायका रिकाम्या हंड्यांसह नेल्या; मात्र त्याआधी शाखेत निरोप धाडला, म्हणजे तिथे कोणाचा अपमान व्हायला नको. ज्या घरांकडे पुरावा नव्हता त्यांना याच जोडणीवरून नळी द्यायची की नाही, यावर गल्लीत रात्री उशिरापर्यंत जे भांडण झाले, तितकी गंभीर चर्चा मी पुढे कोणत्याही परिसंवादात ऐकली नाही.

यावर मी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. मार्गदर्शकांचा अभिप्राय एका ओळीत आला: हे राजकारण आहे, लोकसहभाग नव्हे. शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्ये मांडलेल्या, लोकसहभागाची पातळी दाखवणाऱ्या आठ पायऱ्यांच्या शिडीवर या बाईंना कोणत्या पायरीवर बसवाल, असेही त्यांनी विचारले. माझे म्हणणे होते, आणि आजही आहे, की ती शिडी सत्ताधाऱ्याने नागरिकाला किती आत घेतले हे मोजते. न बोलावता आत शिरलेल्या माणसासाठी तिच्यावर जागाच नाही. अखेर ते प्रकरण परिशिष्टात गेले आणि मौखिक परीक्षेत त्यावर कोणी एक शब्द विचारला नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की सभेपासून सुरुवात करू नका, एखाद्या कामापासून करा. एक नळजोडणी, एक गटार किंवा एक शौचालय घ्या आणि ते होईपर्यंत कोण कोणाकडे गेले, कोणाला बरोबर नेले, कोणाचा शब्द खर्ची पडला हे नोंदवा. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यापासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत शहरात नगरसेवकच नव्हते. त्या काळात लोक कोणाचा दरवाजा ठोठावत होते, हा एकच प्रश्न प्रबंधाला पुरेल. आकडेवारी वापरणार असाल तर लक्षात ठेवा की 2017 साठी प्रभागांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, त्यामुळे 2012 मधील त्याच क्रमांकाच्या प्रभागाशी थेट तुलना करता येत नाही. मार्गदर्शकांनी सभेच्या उपस्थितीचा प्रश्न घालायला सांगितलाच तर तो घाला, परंतु त्यातून आलेले शून्य ‘असहभागी’ या रकान्यात टाकण्याआधी त्या माणसाचा किमान एक आठवडा पाहा.

शाखेचा मार्ग न्याय्य आहे असे मात्र मी म्हणत नाही. ज्यांचे नाव त्या मतदारयादीत नाही, जे भाड्याने राहतात किंवा ज्यांचे मत दुसऱ्या पक्षाचे मानले जाते, त्यांना त्या बाकावर बसूनही चिठ्ठी मिळत नाही. पुरावा नसलेल्या त्या घरांचे पुढे काय झाले, हे माझ्या परिशिष्टातही अपुरेच आहे. आपण ते पूर्ण केलेत तर उत्तम.

मुलाखतींविषयी: नगरसेवक भेटतात, सकाळी कार्यालयात लोकांची गर्दी असताना जा आणि आपली पाळी येईपर्यंत मागे बसून राहा. ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर ते जाहीरनामा वाचून दाखवतात. खरी माहिती अर्ज लिहून देणाऱ्या त्यांच्या कार्यालयातील मुलाकडे असते.