घरी गावठी कोंबड्या असताना मांजराची बिनआईची पिल्लं महिनाभर सांभाळता येतील का?

येतील. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात सहा वर्षं हेच चाललंय. मागच्या पडवीत खुराडं आणि आतल्या खोलीत, जिथे पूर्वी भाताच्या कणग्या असायच्या, तिथे मांजराची पिल्लं. वर्षातून दोनदा तरी कुणीतरी पिशवीतून, खोक्यातून, एकदा तर हेल्मेटमधून पिल्लं आणून देतं. ती मोठी करायची आणि चांगल्या घरी पाठवायची.

तुम्ही लिहिलंय की आठ कोंबड्या आहेत, एक खुडूक होऊन अंड्यांवर बसली आहे, मैत्रिणीकडून तीन पिल्लं यायची आहेत आणि भीती ही की मांजरं कोंबड्या खातील. ही भीती चुकीच्या बाजूला आहे. दोन महिन्यांचं मांजराचं पिल्लू मोठ्या कोंबडीचं काही वाकडं करू शकत नाही. कोंबडी, आणि तिच्यासाठी आपण घरात आणलेल्या वस्तू, पिल्लाचं मात्र बरंच वाकडं करू शकतात. ते पुढे सांगते.

आधी एक घरगुती अडचण. मराठीत दोघांनाही पिल्लूच म्हणतात. पहिल्या वर्षी मी कामावरून फोन करून "पिल्लांना खायला घातलं का?" विचारलं, सासूबाई "घातलं" म्हणाल्या, आणि घरी आले तर कोंबडीच्या पिल्लांना दुसऱ्यांदा कणी मिळालेली, मांजराची तिन्ही ओरडून ओरडून घसा बसलेली. तेव्हापासून मांजराची ती "बाळं" आणि कोंबडीची ती "पिल्लं". इथे मात्र तुम्हाला कळावं म्हणून सगळ्यांना पिल्लंच म्हणते.

मैत्रिणीला एक विचारा, आई खरंच नाही ना? मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. हलवताना एकेक करून नेते, त्यामुळे मागे राहिलेलं पिल्लू अनाथ वाटतं. आंब्याच्या दिवसांत शेजारच्या बागेतल्या गड्याने रिकाम्या पेटीत दोन पिल्लं सापडली म्हणून मला बोलावलं. पोटं टम्म, अंग कोरडं, शांत झोपलेली. उपाशी पिल्लं अशी झोपत नाहीत. मी पेटीभोवती तांदळाच्या पिठाचं गोल कडं घातलं आणि निघून आले. संध्याकाळी पिठात पंजे उमटले होते आणि पेटी रिकामी होती. आईच्या दुधाची बरोबरी आपली कुठलीही पावडर करत नाही, तेव्हा एवढं थांबणं परवडतं. पिल्लं गार पडलेली किंवा सारखी रडत असतील तर मात्र थांबायचं नाही.

आता तीन पिल्लं खरोखर आली असं धरू. वय विचारा, कारण सगळं वयावर आहे. डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. जन्मताना पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि मग आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढतं. आमच्या स्वयंपाकघरातला काटा या कामाला लागलाय आणि सासूबाईंनी मोदकाच्या पिठासाठी वेगळा घ्यायला लावला. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहायचं. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवायचं, उतरलं तर डॉक्टर. कारण पिल्लू आजारी दिसायला लागतं तोवर बराच उशीर झालेला असतो. वही ते आधी सांगते.

दूध गायीचं नको. ही चूक मी केली आहे. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कापसाच्या वातीने पाजायचो, काय झालं?" मी गायीच्या दुधात पाणी घालून पाजलं. दुसऱ्या दिवशी जुलाब आणि चौथ्या दिवशी एक गेलं. त्या दुधातली साखर पिल्लांना पचत नाही आणि पाणी घातल्यावर त्यात पोषणही उरत नाही. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी पावडर मिळते, तीच आणा. पाजताना माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका, दूध फुप्फुसात जातं. पोटावर, आईला लुचतं तसं धरायचं, मान किंचित वर. आणि गार पडलेल्या पिल्लाला कधी पाजू नका. आधी ऊब द्या, बोट तोंडात घालून आत गरम लागतंय का बघा, मगच दूध. गार अंगात आतडं चालत नाही, दूध आत तसंच पडून राहतं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मागची जागा हलके पुसायची, म्हणजे शू-शी होते. आई चाटून जे करते ते आपण करायचं, साधारण तीन आठवड्यांपर्यंत.

पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी हे सगळं. मी रात्री अकरा, दीड, चार असे गजर लावते. चारच्या वेळी पडवीतला आमचा कोंबडा हमखास आरवतो. त्याला उजेडाशी काही देणंघेणं नाही, माझ्या दिव्याशी आहे. लोक म्हणतात कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आमचं न झाकलेलं कोंबडं उजाडायच्या दोन तास आधीच सगळ्या वाडीला उठवतं आणि दोष माझ्या मांजरांना लागतो.

सहाला खुराडं उघडायचं. कोंबड्यांचं काम त्या मानाने सुखाचं आहे. मोजायच्या, कणी टाकायची, पाणी बदलायचं, अंडी उचलायची. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि बारा-पंधरा झाली की खुडूक होऊन बसते. त्यामुळे फार उत्पन्न नाही, पण गावठी अंड्याला गिऱ्हाईक दारात येतं आणि मांजरांच्या पावडरीचा बराचसा पैसा त्यातून सुटतो. कोंबड्या मांजरांना पोसतात असं माझा मुलगा पाहुण्यांना सांगतो.

एक क्रम मात्र मी मोडत नाही. आधी मांजरं, मग कोंबड्या, उलट कधीच नाही. खुराड्यातून आल्यावर हात साबणाने, चपला बाहेर, आणि खुराड्यासाठी जुना गाऊन वेगळा. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू येतो आणि चार आठवड्यांचं पिल्लू जे दिसेल ते तोंडात घालतं.

हा नियम मी एका रात्री मोडला, तेही सांगते. जूनचा पहिला मोठा पाऊस आणि संध्याकाळपासून लाइट नाही. खैरी नावाची कोंबडी त्याच दिवशी नऊ पिल्लं घेऊन टोपलीतून उतरली. दहावं अंडं मागे राहिलेलं, त्याला बारीक भोक आणि आतून टकटक. रात्री नऊला ते फुटलं. ओलं, चिकट, मान टाकलेलं. खैरी त्याला जवळ घेईना. घरात उबेची सोय एकच होती: बाटलीत गरम पाणी, वर पंचा गुंडाळलेला, आणि तिला चिकटून दहा दिवसांची चार मांजरं, नुकते डोळे किलकिले झालेली. मी बाटलीच्या दुसऱ्या बाजूला, मध्ये टॉवेलची घडी ठेवून, त्याला ठेवलं. रात्रभर दर दोन तासांनी पाणी बदलत होते आणि एका खोक्यातून दोन भाषांतलं बारीक कुरकुरणं ऐकत होते. सकाळी ते पिवळं आणि फुललेलं होतं. अंधार असतानाच गुपचूप खैरीच्या पोटाखाली सरकवलं, तिने मोजलं नाही. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला झापलं, आणि बरोबर झापलं. तुम्ही करू नका.

मांजरांची आणि कोंबड्यांची भेट कधी घालायची? मांजराची पिल्लं सहा-सात आठवड्यांची झाल्यावर, आधी जाळीतून. आमच्या एका भुऱ्या बोक्याने, वजन जेमतेम सातशे ग्रॅम, जाळीच्या फटीतून अंग काढलं आणि पोट जमिनीला लावून खैरीच्या पिल्लांकडे सरकला. शेपटीचं टोक हलत होतं. खैरीने पिसं अशी फुलवली की ती दुप्पट झाली, पंख जमिनीला टेकवले आणि सरळ धावून येऊन त्याच्या नाकावर टोच मारली. रक्ताचा बारीक ठिपका आला. तेव्हापासून तो अंगण ओलांडताना भिंतीला घासून जायचा. टोच डोळ्यावर बसली असती तर डोळा गेला असता, म्हणून तुमच्या अंड्यांवर बसलेल्या कोंबडीपासून मांजरं लांब ठेवा. मांजर चार महिन्यांचं झालं आणि कोंबडीचं पिल्लू महिन्याच्या आतलं असलं की मात्र गणित फिरतं, तेव्हा दोघांना मोकळं सोडून घरात जाऊ नये. आमच्या कोंबड्या आजवर नेल्या त्या मुंगसाने, घारीने आणि वाडीतल्या एका कानफाट्या बोक्याने. सांभाळलेल्या पिल्लांनी एकही नाही.

आता खरी धोक्याची गोष्ट. तिसऱ्या पावसाळ्यात कोंबड्यांना उवा झाल्या. पिसं बाजूला केली की कातडीवर पिवळट ठिपके पळायचे. दुकानातून पावडर आणली, संध्याकाळी प्रत्येकीच्या पंखाखाली चोळली, उरलेली अंडी घालायच्या टोपलीत पेंढ्यावर भुरभुरली. रात्री तिरंगी कुठे दिसेना. तिरंगी म्हणजे अडीच महिन्यांची, पांढरी-काळी-नारिंगी (तीन रंगांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते). सापडली ती त्याच टोपलीत, मुटकुळं करून झोपलेली. उचलली तर कान फडफडत होते. मग मिशांखालची कातडी, मग पुढचा पाय, आणि दहा मिनिटांत सगळं अंग थरथरायला लागलं. पाकीट दिव्याखाली धरून वाचलं: परमेथ्रिन, म्हणजे कीटकनाशक. कोंबडीला चालतं, कुत्र्यालाही चालतं, पण मांजराच्या शरीराला ते मोडून बाहेर टाकता येत नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, भांड्यांच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा, पाणी कढत नको, गारही नको, पुसून गुंडाळा आणि लगेच निघा. मोटरसायकलवर मागे बसून मी तिला छातीशी धरलं होतं, तिची थरथर माझ्या हाडांत लागत होती. दोन दिवस दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातातलं उकडलेलं चिकन बोटासकट ओढलं.

ती पावडर आता घरात येत नाही. चुलीची राख चाळून एका टोपात ठेवली आहे, कोंबड्या त्यात लोळतात. उवा पूर्ण जात नाहीत, पण आटोक्यात राहतात. तसंच फिनेल. खुराडं धुवायला बहुतेक घरांत तेच असतं आणि त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराला बाधतात, पायाला लागलेलं चाटून पोटात जातं. आणि चुकूनही ताप आला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

कच्चं मांस हा दुसरा मुद्दा. घरचा कोंबडा कापला की आतडी-काळीज मांजराला टाकायची पद्धत आमच्याकडेही होती. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि जानेवारीत बर्ड फ्लूचं निदान झालं. वाघाला होतो तो वाघाच्या मावशीलाही होतो. आता जे द्यायचं ते उकडून, मीठ न घालता, कांदा-लसणाशिवाय. कोंबडी अचानक मेली तर ती पुरायची, मांजरांना त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही आणि एकदम दोन-चार मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.

लसींचं थोडक्यात. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. कुपी शंभर डोसांची येते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आमच्या वाडीत सगळे एकाच दिवशी पिल्लं टोपल्यांतून घेऊन येतात, बर्फाचा थर्मास आमचा. मांजरांना दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टर सांगतील तसं जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस. ती लस लागायच्या आधी पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने, माझी एक पूर्ण खेप गेली. तो विषाणू घरात वर्षभर टिकतो, म्हणून वर्षभर पिल्लं घेतली नाहीत. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

देऊन टाकताना रडू येतं का, असंही तुम्ही विचारलंय. येतं. आठ-दहा आठवड्यांनी पिल्लू जातं, त्या संध्याकाळी कोंबड्या दिवेलागणीला आपापल्या खुराड्यात शिरतात, दार लावते आणि आत येऊन सवयीने दुधाचं पाणी तापत ठेवते. घेणाऱ्यांना मी दोनच गोष्टी विचारते, खिडक्यांना जाळी आहे का आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदीचं ऑपरेशन कराल का. तिरंगी मात्र गेली नाही. सासूबाईंनी दोन वेळा आलेल्या माणसांना "ती आजारी असते हो" सांगून परत पाठवलं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर कोंबडी अंड्यांवर किती दिवस झाले बसली आहे ते मोजा. एकवीस दिवसांनी पिल्लं फुटतील, आणि त्यानंतरचा महिना ती सर्वांत तापट असेल. तुमची खोली दाराची आणि खुराड्यापासून वेगळी असेल तर मांजराची पिल्लं आजही आणा, ती महिनाभर त्या खोलीबाहेर पडणारच नाहीत. खोली नसेल, पडवीतच ठेवायची असतील, तर मैत्रिणीला या खेपेला नाही म्हणा. आणि आणण्याआधी खुराड्याजवळच्या फळीवर काय काय पावडरी-बाटल्या आहेत ते एकदा चष्मा लावून वाचा.